पक्ष्यांना दिलेला कौल

तमिळनाडूची राजधानी चेन्नई हे समुद्रकिनाऱ्यावर वसलेले, सदैव गजबजलेले महानगर आहे. या महानगराच्या नैर्ऋत्येस सुमारे ऐंशी किलोमीटर अंतरावर चेंगलपट्टू जिल्ह्यात वेडंतांगल नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावाला लागून असलेला तलाव अवघा 30 हेक्टरांचा, म्हणजे सुमारे 74 एकरांचा. एवढ्याशा पाण्यावर दरवर्षी हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात, घरटी बांधतात, पिले वाढवतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जातात. भारतातील अतिशय जुन्या पक्षी अभयारण्यांमध्ये या तलावाची गणना होते. येथील पक्ष्यांचे रक्षण कायद्याने सुरू झाले नाही. गावकऱ्यांनी ते आधी सुरू केले आणि कायदा त्यांच्या मागून आला. म्हणूनच वेडंतांगलची भेट ही पक्ष्यांबरोबरच माणसांचीही ओळख करून देणारी ठरते.

तलावाकडे जाणारी वाट

चेन्नईहून तिरुचिरापल्लीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग चेंगलपट्टू शहर मागे टाकून पालार नदी ओलांडतो. पुढे पडाळम येथे महामार्ग सोडून आत वळले की देखावा पालटतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात, मधूनमधून ताडाची झाडे उभी दिसतात आणि लहानमोठे तलाव डोळ्यांत भरतात. तमिळ भाषेत अशा तलावाला ‘एरि’ म्हणतात. जमिनीच्या उताराला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे आणि मोरीवाटे ते खालच्या शेतांना द्यायचे, ही त्याची रचना. असे शेकडो तलाव या भागात पूर्वापार आहेत. त्यामुळे चेंगलपट्टू हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वेडंतांगलचा तलावही मुळात शेतीसाठीच बांधलेला एक एरि आहे.

तलावाच्या बांधावरून पायवाट जाते. वाटेवर बसण्यासाठी बाके आहेत आणि उंचावरून पाहण्यासाठी मनोरा आहे. डिसेंबर-जानेवारीतील सकाळी येथे पोहोचणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसतात ती पाण्यात अर्धी बुडालेली झाडे. दुरून पाहता त्यांवर पांढरी फुले बहरली आहेत असे वाटते. जवळ गेल्यावर कळते की ती फुले नसून पक्षी आहेत. एकेका झाडावर अनेक घरटी असतात. कुठे बगळे, कुठे पाणकावळे, तर कुठे गुलाबी पिसांचे चित्रबलाक बसलेले असतात. पिलांचा कलकलाट, पंखांची फडफड आणि चोचींचा खडखडाट यांनी वातावरण भरून गेलेले असते. सायंकाळी चारनंतर दूरच्या शिवारात चरायला गेलेले थवे परतू लागतात. तेव्हा आकाशात पक्ष्यांच्या रांगांमागून रांगा दिसतात.

शिकाऱ्यांची वस्ती आणि कौलाचा कागद

तमिळ भाषेत ‘वेडन’ म्हणजे शिकारी. वेडंतांगल या नावाचा अर्थ ‘शिकाऱ्यांची वस्ती’ असा सांगितला जातो. ज्या गावाचे नावच शिकारीवरून पडले, त्या गावाने पक्ष्यांच्या शिकारीला बंदी करावी, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होता. त्या काळी कंपनीचे सैनिक तलावावर येऊन पक्ष्यांवर बंदुका चालवीत, असे सांगतात. गावकऱ्यांना हे सहन झाले नाही. त्यांनी चेंगलपट्टूचा कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडे धाव घेतली आणि पक्ष्यांच्या रक्षणाची लेखी हमी मागितली. 1798 च्या सुमारास त्याने ती दिली. इंग्रजी दप्तरांत अशा हमीपत्राला जो शब्द वापरला आहे, तो मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘कौल’. मूळ अरबी असलेला हा शब्द मराठी राज्यकारभारातही रुळलेला होता. पडीक जमीन कसायला घेणाऱ्या रयतेला सरकार कौल देई, म्हणजे ठरलेल्या अटींवर तिला त्रास होणार नाही अशी लेखी खात्री देई. वेडंतांगलच्या गावकऱ्यांनी असाच कौल मिळवला, परंतु तो स्वतःच्या सोयीसाठी मागितलेला नव्हता. तलावावर उतरणाऱ्या पक्ष्यांना अभय मिळावे यासाठी तो होता.

याच लायोनेल प्लेसचे नाव जवळच्या मधुरांतकम येथील एका आख्यायिकेतही येते. तेथील मोठ्या तलावाचा बांध अतिवृष्टीत वारंवार फुटत असे. एका पावसाळी रात्री कलेक्टर बांध पाहायला गेला असता, धनुष्यबाण घेतलेले दोन तेजस्वी तरुण बांधावर पहारा देताना त्याला दिसले आणि बांध वाचला, अशी कथा लोक सांगतात. ते तरुण म्हणजे राम आणि लक्ष्मण, अशी श्रद्धा आहे. तेथील रामाला ‘एरि कात्त रामर’, म्हणजे तलाव राखणारा राम, असे म्हणतात. ही कथा श्रद्धेची आहे. परंतु तलाव राखणे हे पुण्यकर्म आहे, ही या भागातील लोकांची भावना तिच्यातून स्पष्ट होते.

पुढे 1858 मध्ये जिल्ह्याच्या कलेक्टरने आदेश काढून या संरक्षणाला दुजोरा दिला. 1936 मध्ये तलावाला अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला तो 1972 साली. 1998 मध्ये त्या कायद्यानुसार तलावाभोवतीचा पाच किलोमीटर त्रिज्येचा परिसर अभयारण्यात समाविष्ट झाला. गावकऱ्यांचा कौल आणि देशाचा कायदा यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. एवढा दीर्घ काळ हे पक्षी प्रामुख्याने गावाच्या शब्दावर विसंबून राहिले.

पक्षी येथेच का येतात?

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ असतो. चेन्नईच्या परिसरात मात्र मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. महाराष्ट्रातील शेतकरी खरिपाची पिके काढत असतो, त्या वेळी वेडंतांगलचा तलाव भरू लागतो. तलाव भरला की पक्षी येतात. राजस्थानातील भरतपूरला हेच चित्रबलाक पावसाळ्यात, म्हणजे काही महिने आधी घरटी बांधतात. जात एकच असली तरी पाऊस जसा पडतो, तसा त्यांचा वंशवाढीचा हंगाम बदलतो. पिले अंड्यांतून बाहेर पडतील तेव्हा त्यांना भरपूर खाद्य मिळावे, हे या बदलामागचे कारण आहे. पाऊस थांबल्यावर आजूबाजूच्या तलावांचे पाणी हळूहळू ओसरते, मासे उथळ पाण्यात एकवटतात आणि पिलांच्या आईबापांना ते सहज पकडता येतात.

दुसरे कारण झाडांचे आहे. तलावात निवर आणि बाभूळ या जातींची झाडे आहेत. मुळे आणि खोडाचा बराच भाग महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिला तरी ती तग धरतात. चहूकडून पाणी असल्यामुळे रानमांजर किंवा कोल्हा यांसारखे प्राणी घरट्यांपर्यंत सहसा पोहोचू शकत नाहीत. किल्ल्याभोवती खंदक असावा, तसे हे पाणी घरट्यांचे रक्षण करते. तलाव आटला तर हा खंदक नाहीसा होतो आणि घरटी असुरक्षित होतात. म्हणूनच पाऊस अपुरा झालेल्या वर्षी पक्षी फार थोड्या संख्येने येतात.

तिसरे कारण भोवतीच्या शिवाराचे. हजारो पक्ष्यांचे पोट भरण्यास 30 हेक्टरांचा तलाव पुरेसा नाही. ते दररोज आसपासची भातखाचरे, लहान तलाव आणि पाणथळ जागा येथे चरायला जातात. तलाव हे त्यांचे घर म्हटले, तर भोवतीचे शिवार हे त्यांचे स्वयंपाकघर म्हणावे लागेल. नुसते घर राखले आणि स्वयंपाकघर उजाड केले, तर त्या घरात कोणी राहणार नाही.

पाहुणे दोन प्रकारचे

वेडंतांगलला येणारे सर्वच पक्षी परदेशातून येतात, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. येथील पक्ष्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

पहिला गट घरटी बांधणाऱ्यांचा. हे पक्षी भारतातच राहतात आणि पाणी व खाद्य यांच्या शोधात एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात. चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, झोळीवाला पेलिकन, चमचा, शराटी, राखी बगळा, रातबगळा, पाणकावळा आणि सापासारखी लांब मान असलेला तिरंदाज हे या गटातील प्रमुख पक्षी होत. निसर्गाने प्रत्येकाला वेगळे हत्यार दिले आहे. उघड्या चोचीच्या करकोच्याची चोच मिटली तरी मधोमध फट राहते. पाणगोगलगाय पकडून शिंपल्यातील मांस काढण्यास ही चोच उपयोगी पडते. चमच्याची चोच टोकाशी चपटी असते आणि तो ती पाण्यात डावीउजवीकडे फिरवून भक्ष्य टिपतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालतो आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. पेलिकनच्या चोचीखालची कातडी पिशवीप्रमाणे ताणली जाते, त्यामुळे तो एकाच वेळी पुष्कळ पाण्यासह मासे उचलू शकतो. अशा निरनिराळ्या सवयींमुळे इतके पक्षी एकाच परिसरात फारशी स्पर्धा न करता राहू शकतात.

दुसरा गट खऱ्या अर्थाने दूरदेशीच्या पाहुण्यांचा. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक आणि चक्रांग ही बदके, तसेच तुतारी आणि धोबी यांच्या काही जाती मध्य व उत्तर आशियातून येतात. तेथे हिवाळ्यात पाणी गोठते, जमिनीवर बर्फ साचतो आणि खाद्य मिळेनासे होते. निव्वळ थंडीपेक्षा ही उपासमार टाळण्यासाठी पक्षी दक्षिणेकडे निघतात. दिवस लहान होऊ लागले की त्यांना निघण्याची वेळ कळते. प्रवासापूर्वी ते भरपूर खाऊन शरीरात चरबी साठवतात आणि तीच त्यांची शिदोरी असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या साहाय्याने ते दिशा ओळखतात. हे पाहुणे वेडंतांगलला घरटी बांधत नाहीत. येथे ते हिवाळा काढतात, पोट भरतात आणि वसंत ऋतूत मायदेशी जाऊन तेथे अंडी घालतात.

हा प्रवास माणसाला कसा कळला? यात मुंबईच्या एका संस्थेचा मोठा वाटा आहे. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालीम अली यांच्या पुढाकाराने 1959 पासून पक्ष्यांच्या स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. पक्षी पकडून त्याच्या पायात क्रमांक असलेले हलके वळे घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. तोच पक्षी पुढे दुसऱ्या देशात सापडला, तर वळ्यावरील क्रमांकावरून त्याचा प्रवास समजतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्करै येथे असे पुष्कळ काम झाले आहे.

पक्षी देतात, शेत घेते

गावकऱ्यांनी पक्ष्यांना अभय दिले ते केवळ भूतदयेपोटी नव्हे. त्यामागे शेतकऱ्याचे अनुभवाने आलेले शहाणपण होते. घरट्यांखाली पक्ष्यांची विष्ठा सतत पाण्यात पडते. तिच्यात पिकांना आवश्यक असणारे नत्र आणि स्फुरद हे घटक भरपूर असतात. पाण्यातील सूक्ष्मजीव विष्ठेतील नत्राचे रूपांतर पिकांना शोषून घेता येईल अशा क्षारांत करतात. हे खतयुक्त पाणी मोरीतून पाटात आणि पाटातून भाताच्या खाचरांत जाते. ज्या वर्षी पक्षी जास्त, त्या वर्षी पीक चांगले, हे येथील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दूरच्या तळ्यांतील मासे आणि किडे खाऊन पक्षी जणू तेथील कस या तलावात आणून टाकतात. शिवाय शेतात चरणारे बगळे पिकांवरील कीडही टिपतात.

अशा रीतीने येथे देवाणघेवाण जुळून आली आहे. गाव पक्ष्यांना निर्धास्तपणा देते आणि पक्षी गावाच्या शेताला खत देतात. दोघांचेही हित एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे कागद जुना झाला तरी कौल जुना झाला नाही.

तमिळनाडूत अशी इतर उदाहरणेही आहेत. शिवगंगा जिल्ह्यातील वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याजवळच्या कोल्लुकुडिपट्टी गावातील लोक दिवाळीत फटाके वाजवीत नाहीत. दिवाळी आणि पक्ष्यांच्या आगमनाचा काळ जवळपास एकच. आवाजाने पक्षी बिथरू नयेत म्हणून गावातील मुलेही फटाक्यांची हौस बाजूला ठेवतात.

जेथे कौल नव्हता

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातच पळ्ळीकरणै नावाची एक विस्तीर्ण दलदल आहे. तेथेही असंख्य पक्षी येतात. 1965 च्या सुमारास तिचा विस्तार 5,000 हेक्टरांहून अधिक होता, असे सांगितले जाते. परंतु शहर वाढत गेले. दलदल म्हणजे निरुपयोगी जागा, असा समज होता. तिच्यावर वस्त्या, रस्ते आणि कार्यालये उभी राहिली. एका भागात शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. आज त्या दलदलीचा लहानसा भागच उरला आहे. पावसाळ्यात भोवतालचे पाणी सामावून घेणारी जागा आक्रसली, म्हणजे पूर वस्तीत शिरणार हे ओघाने आलेच. डिसेंबर 2015 मधील महापुराने चेन्नईकरांना याची कठोर जाणीव करून दिली. नागरिक आणि अभ्यासक यांच्या प्रयत्नांमुळे 2007 मध्ये या दलदलीचा काही भाग राखीव वन म्हणून घोषित झाला.

वेडंतांगललाही धोका नाही, असे म्हणता येणार नाही. 2020 मध्ये अभयारण्याचा पाच किलोमीटरचा गाभा तीन किलोमीटरपर्यंत कमी करावा, असा प्रस्ताव पुढे आला. परिसरातील गावकरी आणि पक्षिप्रेमी यांनी त्याला कडाडून विरोध केला. तलावाला तर हात लागणार नव्हता, मग विरोध कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वर आलेच आहे. वगळली जाणारी जमीन म्हणजे पक्ष्यांचे स्वयंपाकघर होते. तो प्रस्ताव अमलात आला नाही. 2022 मध्ये वेडंतांगल, त्याच्याजवळचे करिकिली आणि पळ्ळीकरणै या तिन्ही ठिकाणांचा समावेश रामसर यादीत झाला. इराणमधील रामसर शहरात 1971 साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. भारत 1982 पासून त्यात सहभागी आहे. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही ठिकाणेही या यादीत आहेत.

पाहणाऱ्याची जबाबदारी

नोव्हेंबर ते मार्च हा वेडंतांगलला जाण्यास योग्य काळ आहे. सकाळची आणि सायंकाळची वेळ उत्तम. दुर्बीण जवळ असावी, कपडे भडक रंगाचे नसावेत आणि खाद्यपदार्थांची वेष्टणे तलावाकाठी टाकू नयेत. मोठ्याने बोलणे, टाळ्या वाजवणे किंवा पक्षी उडावेत म्हणून दगड मारणे यांमुळे होणारे नुकसान वरवर दिसत नाही. घाबरलेला पक्षी घरटे सोडून उडतो. तेवढ्या वेळात कावळा अंडे पळवतो किंवा उघड्या पिलांना ऊन लागते. करकोचे भर दुपारी पंख पसरून पिलांवर सावली धरतात आणि चोचीतून पाणी आणून त्यांच्या अंगावर सोडतात. ती सावली क्षणभर हटली, तरी कोवळ्या पिलाच्या जिवावर बेतू शकते. बांधावर शांतपणे उभा राहणारा प्रवासीही म्हणून त्या जुन्या कौलात सहभागी होत असतो.

महाराष्ट्रातही असे तलाव आहेत. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी बांधलेले जुने तलाव आजही भातशेतीला पाणी देतात आणि हिवाळ्यात त्यांवर दूरदेशीचे पक्षी उतरतात. गोंदियाच्या शिवारात सारस पक्ष्यांची घरटी राखण्यासाठी शेतकरी पुढे आलेले आहेत. आपल्या गावचे तळे, त्याचा बांध, काठची झाडे आणि त्यावर येणारे पक्षी यांचा हिशेब ज्या गावाला ठाऊक असतो, त्या गावाला ती जागा रिकामी किंवा निरुपयोगी कधीच वाटत नाही. वेडंतांगलच्या शेतकऱ्यांनी हा हिशेब दोनशे वर्षांपूर्वी मांडला. तो त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पाळला, म्हणून आजही हिवाळ्यातील सायंकाळी परतणाऱ्या थव्यांना त्या लहानशा तलावावर उतरायला जागा मिळते.